निकाइयाच्या नाण्यावरचं अक्षर

ज्ञानदा खांबेटे लग्नानंतर दोन महिन्यांनी क्योतोला आली आणि पुढची दोन वर्षं तिला नावाने हाक मारणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे तिचा नवरा रणजित. तोही सकाळी साडेसातला सायकल काढून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जायचा, तो थेट जेवायच्या वेळी घरी. बाकी सगळ्यांना ती 'ओकुसान' होती, म्हणजे कुणाची तरी बायको. इचिजोजीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घराची मालकीण, टोफूवाला, प्रयोगशाळेतल्या पार्ट्यांना भेटणारी माणसं, सगळे तेच म्हणायचे. त्यात वावगं काही नव्हतं. पण पुण्याला प्राचीन इतिहासात पहिल्या वर्गात एम.ए. झालेली, नाशिककडच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर साठ पानांचा प्रबंध लिहिलेली मुलगी सकाळी उठून जळणारा कचरा एका पिशवीत आणि न जळणारा दुसऱ्या पिशवीत भरायची आणि मग दिवसभर जपानी अक्षरं गिरवत बसायची. हे तिला आतून खात होतं, आणि रणजितला सांगावं इतकं ते मोठंही वाटत नव्हतं.

त्यामुळे १९९६च्या उन्हाळ्यात एका छोट्या खाजगी वस्तुसंग्रहालयात तिला आरुबाइतो, म्हणजे तासांवरचं काम, मिळालं, तेव्हा ती हरखून गेली. आठवड्यातून तीन दुपार काम, हुद्दा काही नाही. संग्रहालयाला नाण्यांवरची ग्रीक अक्षरं वाचू शकणारं माणूस हवं होतं आणि तशी माणसं क्योतोत रस्त्यावर सापडत नव्हती. पहिल्याच दिवशी तिथले अभिरक्षक सेगावा-सान तिला 'सेन्सेइ' म्हणाले. शाळेतल्या मास्तरापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना लावतात तो शब्द. घरी येताना बसमध्ये तिने तो मनातल्या मनात चार वेळा म्हणून पाहिला.

काम एका देणगीचं होतं. कुसाका एइजी नावाच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांना आपला नाण्यांचा संग्रह संग्रहालयाला द्यायचा होता. कुसाका-सान शिक्के कोरणारे. जपानात सहीऐवजी नावाचा शिक्का उमटवतात, ते लाकडाचे नि शिंगाचे शिक्के त्यांनी तेरामाची रस्त्यावरच्या दुकानात पंचेचाळीस वर्षं कोरले होते. शाळा बेताची झालेली, परदेश पाहिलेला नाही, इंग्रजीही येत नव्हतं. आणि या माणसाने जमवली होती रोमन साम्राज्यातल्या पूर्वेकडच्या शहरांची तांब्याची नाणी, एकशे त्रेचाळीस. त्या काळी तिकडचं एकेक शहर आपलं आपलं नाणं पाडायचं, एका बाजूला बादशहाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला शहराचं नाव, ग्रीक अक्षरांत. कुसाका-सानांच्या संग्रहातल्या प्रत्येक नाण्यावर अक्षरांची काही ना काही चूक होती. कुठे अक्षर उलटं, कुठे गाळलेलं, कुठे बादशहाचं नावच चुकलेलं. चूक नसलेलं नाणं ते घेतच नसत.

खरी कोणती, खोटी कोणती, हे पाहून अहवाल द्यायचा होता.

सेगावा-सानांबरोबर ती पहिल्यांदा कुसाकांच्या घरी गेली तेव्हा त्यांच्या पत्नी फुमिको-सान यांनी गार चहा आणून ठेवला आणि त्या दाराशी बसून राहिल्या. कुसाका-सानांनी लाकडी पेट्या उघडल्या. प्रत्येक नाण्याखाली एक कार्ड, त्यावर सुबक अक्षरात नोंद. त्यांना ग्रीक वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक अक्षर त्यांनी जसं दिसलं तसं काढून घेतलं होतं. मग त्यांनी एक नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. निकाइया शहराचं, तिसऱ्या गोर्डियन बादशहाच्या वेळचं, पुढे बादशहाच्या नाकापासून कडेपर्यंत उमटलेला तडा, मागच्या बाजूला तीन सैनिकी निशाणं आणि त्यांच्या मधल्या फटींत शहराचं नाव. त्या नावातलं एक अक्षर, नुसती एक उभी रेघ, कोरणारा विसरला होता आणि मग ती रेघ त्याने वरच्या बाजूला बारीक करून घुसवली होती.

कुसाका-सानांनी खिशातून कोरायचं हत्यार काढलं आणि हवेत ते फिरवून दाखवत सांगितलं, की या माणसाने अक्षरं या टोकाकडून सुरू केली, पहिली तीन ऐसपैस कोरली, आणि इथे आल्यावर त्याच्या लक्षात आलं की जागा संपली. घाबरून त्याने एक अक्षर सोडलं. मग थोड्या वेळाने परत आला. ही वरची रेघ दुसऱ्या हत्याराची आहे, जास्त बारीक टोकाच्या.

"मीही असंच केलं असतं," ते म्हणाले.

ज्ञानदाने मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाचा छंद आहे, बोलू द्यावं, असं तिला वाटत होतं. तिचं अर्धं लक्ष जपानी क्रियापदांकडे होतं आणि उरलेलं, आपण कशा दिसतो आहोत याकडे.

अहवाल तिने तीन दुपारांत लिहिला. नाण्यांचं वजन करायला हवं होतं, ते तिने केलं नाही. संग्रहालयाचा तराजू दुरुस्तीला गेला होता, एक आठवडा थांबावं लागलं असतं. कडा भिंगाखाली पाहायला हव्या होत्या. त्यातल्या तीस-चाळीस पाहिल्या. पण पहिल्याच दुपारी सेगावा-सान चहा घेऊन आले आणि त्यांनी विचारलं, की यात काही संशयास्पद आहे का? 'काही नाही' असं उत्तर दिलं तर आपली गरजच काय होती, असं त्यांना वाटेल, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. ती म्हणाली, आहेत काही. एकदा तसं म्हटल्यावर ती शोधणं भाग पडलं.

अकरा नाणी तिने बाजूला काढली. ज्यांच्यावरच्या चुका सगळ्यांत ढोबळ होत्या ती. एकावर अख्खं नाव उजवीकडून डावीकडे होतं. एकावर अंतोनिनुस बादशहाच्या नावातली दोन अक्षरं गायब होती. दोन नाण्यांवर तर एकच चूक हुबेहूब होती, म्हणजे दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली, असं तिने ठरवून टाकलं. निकाइयाचं नाणंही त्यांत घातलं. उलट्या अक्षरांच्या नाण्यापाशी तिचा हात क्षणभर थांबला होता. आपल्याकडच्या क्षत्रपांच्या नाण्यांवरही कोरणाऱ्यांना ग्रीक कळत नव्हतं, ते नुसत्या रेघा ओढत गेले, हे तिनेच प्रबंधात लिहिलं होतं. पण तिने ते मनाआड केलं आणि अहवालात वाक्य लिहिलं: 'ही अकरा नाणी ग्रीक लिपीचं ज्ञान नसलेल्या आधुनिक नक्कलकाराची असावीत.' सेगावा-सानांनी जपानीत उतरवताना त्यातलं 'असावीत' काढून 'आहेत' केलं. तिने मसुदा वाचला, फरक तिला दिसला, आणि तिने शिक्का मारला. तो शिक्काही नवा होता, जपानी अक्षरांत 'खांबेटे' कोरलेला.

संग्रहालयाने देणगी नाकारली. अकरा खोटी निघालेला संग्रह घेतला तर उद्या बाकीच्यांबद्दलही प्रश्न येतील, असं संचालकांचं म्हणणं पडलं.

आठवडाभराने कुसाका-सान स्वतः संग्रहालयात आले. गडद सूट घातला होता, सप्टेंबरच्या उकाड्यात गळ्याशी टाय होता. त्यांनी ज्ञानदासमोर मिठाईचा खोका ठेवला, दोन पावलं मागे सरकले आणि कमरेतून वाकले ते किती तरी वेळ वर आलेच नाहीत. आपल्या अज्ञानामुळे सेन्सेइंचा अमूल्य वेळ वाया गेला, संग्रहालयाची दिशाभूल झाली, असं ते म्हणाले. त्यांच्या विरळ केसांमधून डोक्याची कातडी तिला दिसत होती. तिने म्हणायला हवं होतं की अहो, असं काही नाही. पण ती म्हणाली, "असं अनुभवी संग्राहकांच्या बाबतीतही होतं." सेगावा-सान कौतुकाने तिच्याकडे पाहत होते. मिठाई तिने घरी नेली. रणजितला चेस्टनटची वडी फार आवडली.

ऑक्टोबर गेला, मेपलची पानं लाल झाली, गळली. ज्ञानदाला संग्रहालयाने आणखी काम दिलं. पत्रव्यवहारात तिचं नाव येऊ लागलं. तोक्योजवळ ग्योतोकुला राहणाऱ्या तिच्या चुलत जाऊबाई लतावहिनी फोनवर म्हणाल्या, की तुम्ही तर मोठ्या पंडिता झालात की. तिला बरं वाटलं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुसरंच काही शोधत होती. तुर्कस्तानातल्या एका उत्खननाचा जाडजूड अहवाल नव्याने आलेला टेबलावर पडला होता. चाळता चाळता ती छायाचित्रांच्या पानांवर आली आणि तिचा हात थांबला. तीन निशाणं. मधल्या फटींत शहराचं नाव. एक रेघ गाळलेली, आणि तीच रेघ वर बारीक करून घुसवलेली. बादशहाच्या नाकापासून कडेपर्यंत नाणं पाडायच्या ठशाला गेलेला तडा, तोही तसाच. नाणं घराच्या जळक्या जमिनीखाली मडक्यात सापडलं होतं, बाकीच्या दोनशे नाण्यांबरोबर. सतराशे वर्षांत त्या मडक्याला कुणाचा हात लागला नव्हता.

तिने खाली दिलेली टीप वाचली. ठसा कोरणाऱ्याने सुरुवातीची अक्षरं रुंद कोरल्यामुळे शेवटी जागा कमी पडली. गाळलेलं अक्षर नंतर दुसऱ्या, अधिक बारीक हत्याराने घातलेलं दिसतं. असे चुकलेले ठसेही झिजेपर्यंत वापरत, त्यामुळे एकच चूक अनेक नाण्यांवर दिसते.

ज्ञानदाने पुस्तक मिटलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. हे सगळं तिला एका माणसाने हत्यार हातात धरून समजावलं होतं, आणि तिने मान डोलावली होती. आयुष्यभर अक्षरं उलटी कोरणाऱ्या माणसाला उलट्या अक्षरांबद्दल काय कळतं, हा प्रश्नसुद्धा तिच्या डोक्यात आला नव्हता. आणि निर्लज्जपणाची कमाल म्हणजे तिच्या स्वतःच्या प्रबंधाची साठ पानं त्याच विषयावर होती.

ती घरी आली आणि तिने रणजितला काही सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढचे पाच आठवडेही नाही. संग्रहालयात जाताना तेरामाचीवरून जाणारी बस ती टाळू लागली. लांबच्या वळणाने सायकल मारायची. कुणी सेन्सेइ म्हटलं की तिची मान खाली जायची. ती मनात सबबी रचायची: अहवाल सेगावांनी बदलला, तराजू नव्हता, वेळ कमी होता. प्रत्येक सबब दिवसभर टिकायची आणि सकाळी दात घासताना आरशात पाहिलं की गळून पडायची. शेवटी एका रविवारी वरणाला फोडणी देता देता ती रडायला लागली आणि रणजितने गॅस बंद करून तिला खाली बसवलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एक पत्र लिही ना. नवीन एव्हिडन्स मिळाला, त्यामुळे रिपोर्टमध्ये सुधारणा. रिसर्चमध्ये चालतंच हे."

"चूक झाली असती तर तसं लिहिलं असतं," ती म्हणाली. "मी पाहिलंच नव्हतं, रणजित. न पाहता लिहिलं."

दुसऱ्या दिवशी ती आधी सेगावा-सानांकडे गेली. त्यांनी उत्खननाच्या पुस्तकातल्या छायाचित्राची प्रत बारकाईने पाहिली, घड्या घालून परत केली आणि फार मऊ आवाजात सांगितलं की प्रकरण बंद झालं आहे. आता ते उघडणं संग्रहालयाला अवघड आणि तुम्हालाही. शिवाय कुसाका-सानांनी स्वतःच माफी मागितली आहे, आता आपण उलट सांगायचं म्हणजे त्यांनाच संकोच. ज्ञानदाला कळलं की तिला सुटायला दार उघडून दिलं जातंय. अहवाल चुकीचा आहे आणि चूक आपली आहे, अशा दोन ओळी तिने त्यांच्याच टेबलावर लिहिल्या, शिक्का मारला आणि फाइलला लावायला दिल्या. सेगावांनी त्या घेतल्या. त्या दिवसापासून ते तिच्याशी पूर्वीसारखे बोलले नाहीत.

तिथून ती कुसाकांच्या घरी गेली. दार फुमिको-सानांनी उघडलं. आत कुसाका-सान कोटात्सूच्या, म्हणजे खालून ऊब देणाऱ्या बुटक्या टेबलाच्या, पांघरुणात पाय घालून वर्तमानपत्र वाचत होते. तिला पाहताच लगबगीने उठायला लागले. ती दारातच गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात तातामीच्या चटईवर टेकले, कपाळ हातांना लावलं. बसमध्ये पाठ केलेलं वाक्य होतं, माफी मागायचं तिकडचं सगळ्यांत मोठं वाक्य, ज्याचा अर्थ एवढाच की माझ्यापाशी द्यायला सबब नाही. ते म्हटल्यावर पुढचं सगळं विसरली आणि तुटक जपानीत, क्रियापदं चुकवत, जे घडलं ते सांगत गेली. नाणी खरी आहेत. मी वजन केलं नाही. तुम्ही सांगत होता ते मी ऐकलं नाही.

कुसाका-सानांनी छायाचित्र हातात घेतलं, खिडकीशी नेलं. नाण्याबद्दल ते काही बोलतील असं तिला वाटलं होतं. रागावले असते तर तिला हवंच होतं. पण ते छायाचित्राकडे पाहत उभेच राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"ती अकरा माझ्याकडे नाहीत," ते म्हणाले.

मग फुमिको-सानांनी सांगितलं. सगळी नाणी एकाच दुकानदाराकडून घेतलेली होती, तोक्योच्या हिराता-सानांकडून. एकतीस वर्षांची ओळख. दर वसंतात हिराता क्योतोला यायचे, इथेच उतरायचे. अहवाल आल्यावर कुसाकांनी अकरा नाणी पाकिटात घालून त्यांना परत पाठवली, सोबत अहवालाची प्रत आणि चार ओळींचं पत्र. त्यात दोष दिला नव्हता, फक्त तज्ज्ञांनी काय म्हटलं ते लिहिलं होतं. हिरातांचं उत्तर आलं नाही. म्हणजे त्यांना ठाऊक होतं, असा यांनी अर्थ काढला. नववर्षाचं कार्डही मग यांनी पाठवलं नाही. तिकडूनही आलं नाही.

"मी त्याला फसवा ठरवलं," कुसाका-सान खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले. "एका कागदावरून."

ज्ञानदाला वाटलं होतं की आपण आपली लाज घेऊन आलो आहोत, ती इथे ठेवू आणि हलक्या होऊन जाऊ. आता तिला दिसलं की तिने या म्हाताऱ्याच्या हाती आणखी एक लाज दिली होती, तिच्यापेक्षा जड. तोक्योला जाणं त्यांच्याने होणार नव्हतं, हे त्यांच्या पाठीकडे पाहूनच कळत होतं. ती म्हणाली की मी जाते.

शनिवारी ती ग्योतोकुला लतावहिनींकडे उतरली. वहिनींनी साबुदाण्याची खिचडी केली होती. साबुदाणा मुंबईहून आलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून आलेला. त्यांनी हौसेने विचारलं की तोक्योत कसली मोठी मीटिंग आहे? ज्ञानदाने खोटं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. माफी मागायला आले आहे, म्हणाली. वहिनींनी तिच्या ताटलीत आणखी थोडी खिचडी वाढली.

हिराता-सानांचं दुकान कानदाच्या बाजूला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. खोली एवढीशी, भिंतीला चपट्या खणांची कपाटं. हिराता बुटके, सत्तरीचे, एका गुडघ्याला पट्टा बांधलेले. तिने नाव सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच ओळखलं. अहवालाची प्रत त्यांच्याकडे होती. त्यांनी तिला बसायला सांगितलं नाही.

तिने पुन्हा सगळं सांगितलं, यावेळी उभ्यानेच. सांगायला सोपं जाईल असं वाटलं होतं, पण उलट झालं. कुसाका-सान निदान तिला चांगलं समजत होते. हा माणूस सहा महिने तिच्याबद्दल जे समजत होता, ते अगदी खरं होतं.

ऐकून झाल्यावर हिरातांनी एक खण ओढला आणि त्यातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. अकराही नाणी आत होती, कार्डांसकट.

"ही चांगली आहेत हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी यातच आहे."

मग तुम्ही त्यांना कळवलं का नाही, असं तिने विचारलं. विचारायचा आपल्याला हक्क नाही हे तिला कळत होतं.

हिरातांनी चष्मा काढून पुसला. "विद्यापीठातल्या बाई म्हणतात खोटं. दुकानदार म्हणतो खरं. दुकानदार दुसरं काय म्हणणार? एइजी-सानने माझ्यावर विश्वास ठेवला असता तर तो मैत्रीखातर ठेवला असता. तसा मला नको होता." मग म्हणाले, "आणि रागही आला होता. एकतीस वर्षांनी चार ओळी."

मी विद्यापीठातली नाही, असं ती म्हणाली. संग्रहालयात तासांवर काम करते. माझा नवरा विद्यापीठात आहे. हे आधी कुणालाच स्पष्ट सांगितलं नव्हतं, लोक समजत होते ते समजू दिलं होतं. हिरातांनी चष्मा चढवून पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं, आणि कोपऱ्यातली घडीची खुर्ची पायाने तिच्याकडे सरकवली.

मग त्यांनी तराजू काढला. त्यांनी एकेक नाणं ठेवायचं, तिने वजन वाचून लिहायचं. कडा तिच्याच हातात भिंग देऊन तिला पाहायला लावल्या. तासभर दोघं नाण्यांखेरीज काही बोलले नाहीत. अकरापैकी दहा निखालस खरी होती. उलट्या अक्षरांच्या नाण्याच्या कडेला तिला एक बारीक शिवण दिसली. आधी तिला वाटलं की आपले डोळेच आपल्याला सोयीचं दाखवताहेत. तिने भिंग हिरातांकडे दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, हूं केलं, आणि नाणं वेगळं ठेवलं. ओतलेलं होतं, म्हणजे खोटं. १९७१ साली त्यांनी स्वतः विकलेलं.

"हे मात्र त्याला मी सांगतो," ते म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

रविवारी दुपारी ती क्योतो स्टेशनवरून थेट कुसाकांकडे गेली. पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं. कुसाका-सानांनी ते उघडलं नाही, कोटात्सूवर ठेवलं. हिराता काय म्हणाले ते तिने शब्दन् शब्द सांगितलं, राग आला होता हेसुद्धा. उलट्या अक्षरांच्या नाण्याबद्दल बोलली नाही, ते हिरातांनी स्वतःकडे ठेवून घेतलं होतं. पाकिटात दहाच आहेत, हे कुसाकांना अजून ठाऊक नव्हतं.

त्यांनी विचारलं ते वेगळंच. "गुडघा कसा आहे त्याचा?"

पट्टा बांधलाय, लंगडतात, असं तिने सांगितलं. कुसाका-सान उठून बाहेरच्या बोळकांडीत गेले, जिथे टेलिफोन होता. फुमिको-सानांनी मधलं सरकतं दार ओढून घेतलं आणि मटारची परडी ज्ञानदासमोर ठेवली. दोघी शेंगा सोलत बसल्या. दारापलीकडून नंबर फिरवल्याचा आवाज आला, मग किती तरी वेळ काहीच नाही, मग कुसाका-सानांचा आवाज, आधी अगदी औपचारिक, तुटक. शब्द कळत नव्हते. फुमिको-सानांचे हात शेंगांवर चालत होते, पण मान दाराकडे कललेली होती. हळूहळू आवाज सैल झाला. एकदा ते खोकले, एकदा गप्प झाले, आणि मग ज्ञानदाला एक वाक्य स्पष्ट ऐकू आलं. क्योतोत एक हाडांचे डॉक्टर चांगले आहेत, एप्रिलमध्ये येशील तेव्हा दाखवू, असं ते म्हणत होते.

फुमिको-सानांनी परडीतला मूठभर मटार कागदात बांधून तिच्या हातात दिला. थांबा, जेवून जा, असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि म्हणाल्या असत्या तर ती थांबली नसती. संग्रहालयातलं काम तिने मार्चअखेर सोडलं. पुढे संग्रहालयाने कुसाकांना पत्र पाठवून देणगीची पुन्हा विचारणा केली, तेव्हा त्यांनी नम्रपणे नको म्हटलं, असं तिच्या कानावर आलं. कार्डं नव्याने लिहायला मदत हवी का, हे विचारायला तिने दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला. मे महिन्यात त्यांचाच फोन आला. ग्रीक अक्षरं त्यांना आता नावानिशी शिकायची होती, मंगळवारी येता येईल का, आणि येताना तुमचा प्रबंधही आणा, म्हणाले. ती मंगळवारी गेली. त्यांच्यासमोर बसून प्रबंधाचं पहिलं पान उघडताना तिचे कान पुन्हा तापले. कुसाका-सानांनी चष्मा सरसावला आणि पहिल्या छायाचित्रावर बोट ठेवून विचारलं की हे कोरणारा माणूस डावखुरा होता का. तिला माहीत नव्हतं. ती तसं म्हणाली.